आईच्या गालातील चामखिळीसारखी वाढ : लेसरने जाळावी की कापून काढावी?

माझ्या आईच्या (वय ६१) डाव्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढेसमोर, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढुरकी वाढ आहे. चार महिन्यांपूर्वी ज्वारीच्या दाण्याएवढी होती, आता हरभऱ्याएवढी झाली आहे. ती दुखत नाही, रक्तही येत नाही; फक्त भाकरी चावताना दाताखाली सापडते. आईने वीसेक वर्षे मशेरी लावली आणि सहा वर्षांपूर्वी सोडली. तिचा मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे.

आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांच्या मते हा साधा पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारखी निरुपद्रवी गाठ, असावा. तो एचपीव्ही विषाणूच्या ६ किंवा ११ या प्रकारांशी निगडित असतो आणि सहसा कर्करोगाकडे वळत नाही, असे सांगून त्यांनी लेसरने जाळून टाकण्याचे सुचवले. दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी मात्र मशेरीचे नाव ऐकताच, तपासणीला काही न पाठवता जाळायचे नाही, असे बजावले. आई म्हणते, ‘जाळा आणि मोकळे व्हा.’ टाके तिला नकोत. लेसरने काढूनही बायोप्सी (काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) होऊ शकते का, आणि मधुमेहात जखम भरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी मुखशल्यचिकित्सक आहे. तोंड न पाहता निदान करणार नाही, पण दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. हत्यार कोणते, यापेक्षा तपासायला अखंड गाठ हाती येते का, हे महत्त्वाचे आहे. लेसरने गाठ कापूनही काढता येते, मात्र कडा करपतात; वाफ करून उडवली तर पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काहीच उरत नाही. तंबाखूच्या सवयीत व्हेरूकस कार्सिनोमा हा कर्करोगही असाच तुऱ्यासारखा दिसतो आणि त्याच्या वरवरच्या पेशी इतक्या निरुपद्रवी भासतात की नुसता शेंडा खुडून पाठवल्यास निदान चुकू शकते. म्हणून बुडासकट, भोवतीच्या थोड्या निरोगी अस्तरासह गाठ काढावी. भूल त्या जागेपुरतीच लागते, आणि टाक्यांची भीती असेल तर आपोआप विरघळणारे टाके घालता येतात. पॅपिलोमा नीट बुडापासून काढला, तर तो सहसा परत येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. साखर आटोक्यात असेल तर गालाची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. तोवर भाकरी दुधात कुस्करून द्यावी, तिखट टाळावे. मशेरी जिथे लावत होत्या तिथल्या हिरड्याही त्याच भेटीत दाखवून घ्या.