मदत हवी आहे: नेटशिवाय टॅबवर दहावीचे व्हिडिओ

मंडळी, विक्रोळीत कन्नमवार नगरात संध्याकाळी दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची अभ्यासिका चालवते. देणगीत दोन अँड्रॉइड टॅब मिळालेत, ३२ जीबीचे, सिम नाही. वायफायही नाही, आणि त्यासाठी दरमहा खर्च करणं जमणार नाही.

माझ्या हॉटस्पॉटवर यूट्यूब लावून पाहिलं. प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा संपायच्या आत बोट शॉर्ट्सवर जातं, मग अर्धा तास गेलाच. अ‍ॅप पिन केलं (म्हणजे स्क्रीनवर तेवढंच अ‍ॅप राहतं), तर शॉर्ट्स त्याच अ‍ॅपमध्ये. फॅमिली लिंक या गूगलच्या पालक-नियंत्रण अ‍ॅपने यूट्यूब बंद केलं, तर धडेही बंद. मुलांना दोष देत नाही, ते अ‍ॅप बनवलंच तसं आहे.

बालभारतीची पीडीएफ पुस्तकं टॅबमध्ये टाकली आहेत, ती छान चालतात. अडलंय ते व्हिडिओंपाशी. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपमध्ये विज्ञान भाग १ आणि २ चे काही धडे माझ्या फोनवर उतरवलेत. पेनड्राइव्ह आणि तो फोन-टॅबला जोडायची ओटीजी केबल आहे. चोरीच्या कॉप्या नकोत.

फोनवर उतरवलेले हे धडे नेट न वापरता दोन्ही टॅबवर कसे न्यायचे? कोणी प्रत्यक्ष केलंय का?