कबुलीजबाब हाती आला, पण गुन्हेगार कुठे आहे? दहशतवादविरोधी कायदे आणि कायद्याचे राज्य

साक्षेप (धागाप्रवर्तक)

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे दगावली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले. ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांपैकी एक जण तोपर्यंत तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवले नाही.

अपिलात काय होईल याचा अंदाज बांधण्यासाठी हा धागा काढलेला नाही. दहशतवादाशी लढताना कायद्याची चौकट पाळत बसले की हात बांधले जातात, असे विधान आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झाले आहे, आणि मला ते तपासून पाहायचे आहे. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. जिथे चौकट सैल केली तिथे तपासही सैल पडला.

या खटल्यातील आरोपींचे कबुलीजबाब ‘मोक्का’च्या (महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या) कलम १८ खाली पोलीस उपायुक्तांसमोर नोंदवलेले होते. एरवी पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या न्यायालयात पुरावा ठरत नाही. हा नियम कोणा मानवाधिकारवाल्याने आणलेला नसून तो १८७२ च्या पुरावा कायद्यातला, म्हणजे इंग्रज सरकारचा आहे. आपल्याच पोलिसांच्या कोठडीत कबुली कशी ‘मिळते’ हे त्या सरकारलाही ठाऊक होते! पुढे ‘टाडा’ या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याने, मग ‘मोक्का’ने आणि ‘पोटा’ या केंद्राच्याच नंतरच्या कायद्याने त्या नियमाला अपवाद केला. उच्च न्यायालयाला या कबुलीजबाबांतले काही भाग एकमेकांशी मिळतेजुळते आढळले, आणि ते विश्वासार्ह नाहीत असे न्यायालयाने म्हटले.

याहून बोलकी गोष्ट २००८ मधली आहे. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने वेगळ्याच प्रकरणात पकडलेल्या एकाने, रेल्वेतील स्फोट आपल्या गटाने घडवल्याचे सांगितले होते. पुढे न्यायालयात तो उलटला. परंतु काही काळ एकाच शहरात, एकाच गुन्ह्याच्या, दोन वेगवेगळ्या गटांच्या नावाने दोन कबुल्या अस्तित्वात होत्या. दोन्ही खऱ्या असणे शक्य नव्हते. कबुली हाती आल्यावर बाकीचा तपास थांबतो, तो असा.

पहारेकरी

आपली मांडणी प्रामाणिक आहे, पण ती एका फसलेल्या खटल्यावर उभी आहे. फसलेल्या तपासातून ‘तपास नीट करा’ इतकाच धडा निघतो. ‘कायदा मऊ करा’ हा धडा त्यातून निघत नाही.

दहशतवादाचा गुन्हा खून किंवा दरोड्यासारखा नसतो. कट रचणारा परदेशात, पैसा पुरवणारा तिसऱ्याच देशात, आणि स्फोटके ठेवणाऱ्याला आपल्या शेजारच्या साथीदाराचे खरे नावही माहीत नसते. गुप्तचर यंत्रणेच्या हाती जे लागते ते पुष्कळदा न्यायालयात मांडता येत नाही, कारण ते मांडले तर खबऱ्याचा जीव जातो. साक्षीदार पुढे येत नाहीत, आले तर टिकत नाहीत. ‘टाडा’ ही सत्तेची हौस नव्हती. १९८५ च्या पंजाबात साक्ष द्यायला आणि ती ऐकायला माणसे धजत नव्हती. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरच्या कबुलीची ती तरतूद वैध ठरवली होती, हे आपण सांगितले नाही.

आणि घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला जगण्याचा हक्क फक्त आरोपीचा नाही. संध्याकाळी गाडीने घरी निघालेल्या माणसाचाही तो होता. त्याच्या बाजूने वकीलपत्र कोण घेणार?

उलटतपासणी

दोघांच्याही म्हणण्यात एक दुरुस्ती करतो, म्हणजे चर्चा जुन्या कायद्यांवरच फिरत राहणार नाही. ‘टाडा’ १९९५ मध्ये मुदत संपून गेला, ‘पोटा’ २००४ मध्ये रद्द झाला, आणि आज दहशतवादाचे बहुतेक खटले ज्या ‘यूएपीए’खाली (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली) चालतात, त्यात पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर २००८ मध्ये तो कायदा कडक करतानाही संसदेने ती तरतूद परत आणली नाही. ‘मोक्का’त ती अजून आहे.

आजचा खरा प्रश्न जामिनाचा आहे. ‘यूएपीए’च्या कलम ४३ डच्या पाचव्या पोटकलमानुसार, केस डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा मानायला वाजवी कारण दिसले, तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने त्यापुढे जाऊन सांगितले, की या टप्प्यावर न्यायालयाने पुराव्याच्या खोलात शिरू नये. म्हणजे पोलिसांनी लिहिलेला कागद वाचून, त्याची उलटतपासणी न होता, माणूस आत राहणार की बाहेर हे ठरते. आरोपपत्रासाठी एरवी ६० किंवा ९० दिवसांची मुदत असते, इथे ती १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. पुढे खटल्याला किती वर्षे लागतील याला धरबंध नाही.

२०२१ च्या नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच आरोपी होता: पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत, आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी. खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर कलम ४३ ड आड न येऊ देता घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले. त्यानंतरही कुठले पीठ वटालीचे बोट धरते तर कुठले नजीबचे. एकाच कलमाखालच्या दोन आरोपींचे भवितव्य प्रकरण कोणापुढे लागले यावर अवलंबून राहावे, याला कायद्याचे राज्य म्हणणे मला जड जाते.

पहारेकरी यांचा साक्षीदारांचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता देऊन ती देशभर लागू केली, तेव्हा २०१८ चा डिसेंबर उजाडला होता. ‘टाडा’ येऊन तोवर ३३ वर्षे झाली होती. साक्षीदाराला वाचवण्याचे खर्चिक काम मागे पडले आणि आरोपीचे संरक्षण काढून घेण्याचे फुकटचे काम आधी झाले, हा क्रम मला बोचतो.

पहारेकरी

जामिनाबद्दल बोलू. सुटलेला दहशतवादी म्हणजे सुटलेला पाकीटमार नव्हे. न्यायाधीशाचा अंदाज चुकला तर त्याची किंमत न्यायाधीश मोजत नाही.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर त्यांनी संशयित परदेशी नागरिकांना खटल्याविना बेमुदत डांबण्याचा कायदा केला. डिसेंबर २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) बेलमार्श प्रकरणात तो मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. ७ जुलै २००५ रोजी, म्हणजे सातच महिन्यांत, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये आत्मघाती स्फोट झाले आणि ५२ जण ठार झाले. तत्त्वे जपल्याचे समाधान त्या ५२ कुटुंबांना कोण देणार?

साक्षेप

उदाहरण आपण दिलेत, म्हणून ते शेवटपर्यंत वाचू. ७ जुलैचे चारही हल्लेखोर ब्रिटनमध्येच वाढलेले होते. बेलमार्शमध्ये विसंगत ठरलेला कायदा फक्त परदेशी नागरिकांना लागू होता. तो जसाच्या तसा राहिला असता तरी त्या चौघांपैकी एकाही ब्रिटिश नागरिकाला त्याने हात लावला नसता. आणि लॉर्ड्सचा एक मुख्य आक्षेप हाच होता: धोका नागरिकांकडूनही असताना केवळ परदेशी लोकांना डांबणे हा भेदभाव आहे आणि तो तर्कालाही धरून नाही. हे न्यायमूर्ती सुरक्षेबाबत हळवे होते असे मला वाटत नाही. धोका कुठून येऊ शकतो हे त्यांना कायदा करणाऱ्यांपेक्षा बरे दिसत होते.

ब्रिटनचेच आणखी एक सांगतो. १९७४ च्या बर्मिंगहॅम स्फोटांत २१ माणसे मेली. सहा जणांना पकडले, मारहाण करून चौघांकडून कबुल्या घेतल्या, जन्मठेप दिली. १६ वर्षांनी, १९९१ मध्ये, सहाही जण निर्दोष ठरले. त्या स्फोटांसाठी आजवर दुसऱ्या कोणालाही शिक्षा झालेली नाही. पहारेकरी, आपण ज्यांच्या वकीलपत्राबद्दल विचारलेत त्या मृतांना यातून काय मिळाले?

आता कसाबचा खटला पाहा, कारण ‘त्याला बिर्याणी खाऊ घालत बसलात’ हे वाक्य कोणीतरी लिहिणारच आहे. (ती बिर्याणी आपण मुद्दाम रचल्याचे खुद्द सरकारी वकिलांनी नंतर सांगितले आहे.) हल्ला नोव्हेंबर २००८ चा, मृत १६६. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाचा, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. चार वर्षांच्या आत, वकील देऊन, उघड सुनावणीत, तीन न्यायालयांच्या चाळणीतून. याउलट ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये सापडला. त्याचे नाक-तोंड झाकून वर पाणी ओतण्याचा प्रकार १८३ वेळा केला गेला आणि तो ग्वांतानामोतल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात गेला. दोन दशके उलटून गेल्यावरही त्याचा खटला उभा राहिलेला नव्हता. छळातून मिळालेले काय वापरता येईल आणि काय नाही, यातच सगळे अडकले.

काठावरचा

कसाबच्या खटल्यातील एक तपशील राहून गेला, आणि मला तो फाशीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कसाबबरोबर दोन भारतीयांवरही आरोप होते. मुंबईतील ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे त्यांनी पुरवले आणि त्यांतला एक कसाबचा मारला गेलेला साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडला, अशी सरकार पक्षाची कथा होती. न्यायालयाने तो कागद पाहिला. ज्याचे कपडे रक्ताने भिजले होते त्या माणसाच्या खिशातून निघालेल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. दोघेही सुटले आणि वरच्या दोन्ही न्यायालयांत ती मुक्तता कायम राहिली. शहर अजून जळत असल्यासारखे वातावरण होते आणि एका न्यायाधीशाने तेव्हा कागदावर डाग का नाही, असे विचारले. कसाबच्या शिक्षेवर जगाने बोट ठेवले नाही, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

तरीही पहारेकरी यांच्या बाजूने एक बोललेच पाहिजे. कसाब जिवंत पकडला गेला होता, छत्रपती शिवाजी टर्मिनसमधला त्याचा फोटो सर्वांनी पाहिला होता. पुरावा असा समोर उभा राहण्याचे भाग्य फार थोड्या खटल्यांना लाभते. त्यावरून ‘पाहा, नेहमीची पद्धत पुरते’ असे म्हणणे जरा सोयीचे आहे. पंजाबात ती पुरली नव्हती.

पहारेकरी

धन्यवाद. पंजाबबद्दल स्पष्टच बोलू. तो शांत झाला तो पोलिसांमुळे. न्यायालये तेव्हा जवळपास ठप्प होती.

उलटतपासणी

पोलिसांचा वाटा नाकारत नाही. कितीतरी पोलिसांची कुटुंबेच्या कुटुंबे त्यात मारली गेली. पण त्या हिशेबाची दुसरी पाटीही वाचावी. एकट्या अमृतसर परिसरात पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्या २,०९७ प्रेतांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवले. त्यांतले किती अतिरेकी होते आणि किती नव्हते, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कायदा बाजूला ठेवल्यावर पहिली वस्तू हरवते ती हीच, नोंद.

पहारेकरी

तो आकडा मला माहीत होता आणि मी त्याचे समर्थन करत नाही. ‘टाडा’सारखा कठोर कायदा हवा असे मी म्हणतो ते याचसाठी, की कायदा दुबळा असला की पोलीस कायद्याबाहेर जातात. कायद्यातच पुरेशी धार असेल तर चकमकींचा मोह होत नाही.

साक्षेप

हा आपला सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि मला तो सहज खोडता येत नाही. फक्त इतके नोंदवतो, की ती २,०९७ प्रेते ज्या वर्षांतली आहेत, त्यांतल्या बहुतेक वर्षांत ‘टाडा’ लागूच होता. धार होती, तरी मोह झाला.

मग धार कुठे हवी, ते ठरवू. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या २००८ च्या कायद्यातील कलम १९ म्हणते, की विशेष न्यायालयाने कामकाजाच्या प्रत्येक दिवशी खटला चालवावा आणि आरोपीवरच्या अन्य खटल्यांपेक्षा त्याला प्राधान्य द्यावे. ही तरतूद खरोखर पाळली, पुरेसे न्यायाधीश आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा दिल्या, तर जामिनावरचा आपला निम्मा वाद मिटेल. खटला वर्षा-दोन वर्षांत संपणार असेल, तर जामिनाची कडक अट मीही सहन करीन. आज शिक्षा सिद्ध होण्याआधीच भोगून होते, आणि सरकार पक्षाला घाई करण्याचे काही कारणच उरत नाही.

पहारेकरी

इथे आपण एकत्र येऊ शकतो, पण अटीवर. आरोप निश्चित झाल्यापासून ठरावीक मुदतीत खटला संपला नाही, तर कलम ४३ डची आडकाठी आपोआप गळून पडावी आणि जामीन सर्वसाधारण निकषांवर ठरावा, हे मला चालेल. मात्र आरोपीच्या वकिलांनी मागितलेल्या तारखा त्या मुदतीतून वजा झाल्या पाहिजेत.

उलटतपासणी

वजा करा, हरकत नाही. पण मुदत आरोप निश्चितीपासून मोजू नका, अटकेपासून मोजा. आरोप निश्चित व्हायलाच कित्येकदा वर्षे लागतात, आणि त्या काळात तारीख मागणारा आरोपीच असतो असे नाही.