मदत हवी आहे: ‘आहे तस्संच द्या’ म्हणणाऱ्यांकडून खरी गरज कशी काढून घ्यायची?

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेत जुनं सॉफ्टवेअर जाऊन नवं येतंय, आणि बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम (कुणाला नेमकं काय हवंय ते शोधून मांडण्याचं) माझ्याकडे आहे. आयआयबीए या आमच्या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 6 मूळ संकल्पना (बदल, गरज, उपाय, हितसंबंधी, मूल्य, संदर्भ) पाठ आहेत. पण काउंटरवर कुणालाही विचारलं की उत्तर एकच, ‘आहे तस्संच द्या.’ संचालकांना मात्र सगळं मोबाईलवर हवंय. पिग्मी एजंटांना तर कुणी विचारलेलंच नाही, आणि रोजचा भरणा आणतात तेच!

सध्याचं काम कसं चालतं ते आधी पूर्ण मांडून घ्यावं, की थेट नव्या गरजांवर बोलावं? ‘तस्संच’मागचं कारण तुम्ही कोणत्या प्रश्नांनी काढता? संचालक आणि कारकून यांचं जुळलं नाही तर प्राधान्यक्रम कोण ठरवतं? सहकारी संस्थांत काम केलेल्यांनी जरूर सांगा.