विंडोज ७ वरून ११ वर: जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही

प्रश्न:
आधी विंडोज ७ (३२ बिट) होतं, आता नवीन मशीनवर विंडोज ११ आहे. प्रिंटर यूएसबीचा जुना ब्लॅक अँड व्हाइट लेझर, अजून ठणठणीत. जोडला की सेटिंग्जमध्ये नावाखाली 'ड्रायव्हर इज अनअव्हेलेबल' येतं. सीडीवरचा सेटअप कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये सुरू होतो, पण ड्रायव्हर बसत नाही. प्रिंटर बदलावाच लागेल का?

उत्तर १:
कम्पॅटिबिलिटी मोडने फक्त सेटअपला जुनी विंडोज असल्याचं भासतं, ड्रायव्हरला त्याचा उपयोग नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यावर ३२ बिट प्रिंटर ड्रायव्हर चालत नाही. सीडीवरची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा आणि कुठल्या मॉडेलसाठी बसवायचा ते सांगणारी) नोटपॅडमध्ये उघडून 'एएमडी६४', म्हणजे ६४ बिटचा विभाग, शोधा (प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव हेच). त्या विभागात तुमचं मॉडेल असेल तर सेटअप बाजूला ठेवा आणि सेटिंग्जमध्ये प्रिंटर जोडताना 'ॲड मॅन्युअली' करून 'हॅव डिस्क'मधून ती आयएनएफ द्या. विंडोज ७ च्या काळातला ६४ बिट ड्रायव्हर ११ वर बऱ्याचदा चालून जातो. मॉडेल नसेल तर हाताने ओळी घालू नका. एक अक्षर बदललं तरी सोबतच्या कॅट फाइलमधली (फाइली मूळच्याच आहेत याची खात्री देणारी) डिजिटल सही जुळत नाही आणि विंडोज ड्रायव्हर नाकारतं.

उत्तर २:
सीडीच्या मागे लागण्याआधी प्रिंटरला कुठली भाषा कळते ते बघा, खरा निकाल तिथेच लागतो. प्रिंटरवरूनच कॉन्फिगरेशन पेज काढा. त्यावर 'पीसीएल ६' किंवा 'पोस्टस्क्रिप्ट' असेल तर मॉडेलचा स्वतःचा ड्रायव्हर नसला तरी अडत नाही. हाताने ॲड करताना येणाऱ्या ड्रायव्हरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट'खाली 'पीसीएल६ क्लास ड्रायव्हर' आणि 'पीएस (पोस्टस्क्रिप्ट) क्लास ड्रायव्हर' असतात, म्हणजे ती भाषा कळणाऱ्या कुठल्याही प्रिंटरसाठीचे सामाईक ड्रायव्हर. पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या प्रिंटरला पीएस ड्रायव्हर दिला तर लगेच कळतं: पानाच्या डोक्यावर टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस' छापून येतं आणि खाली पानंच्या पानं कोड निघत राहतो.
दोन्ही नसतील तर प्रिंटर होस्ट-बेस्ड, म्हणजे पानाची सगळी आखणी कॉम्प्युटरच करून देतो. एचपी लेझरजेट १०२० त्यातलाच. त्याचं फर्मवेअरसुद्धा (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्राम) दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून जातं. अशांना कंपनीचाच ६४ बिट ड्रायव्हर लागतो. तो बसवताना केबल काढून ठेवा, सेटअप सांगेल तेव्हाच जोडा.

प्रश्नकर्ता:
पेजवर 'पीसीएल ६' आहे. क्लास ड्रायव्हर बसला, पण काम रांगेत 'एरर' दाखवून अडकतं.

उत्तर ३:
पोर्ट चुकलंय. हाताने ॲड करताना बहुतेक वेळा एलपीटी१ (जुन्या समांतर केबलचं पोर्ट) च निवडलेलं राहतं. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' टॅबवर 'यूएसबी००१ – व्हर्च्युअल प्रिंटर पोर्ट'वर खूण करा. केबल वेगळ्या सॉकेटला लावली की यूएसबी००२, ००३ असे नवे पोर्ट तयार होतात, म्हणून सॉकेट एकच ठेवा. मग अडकलेली कामं काढायला सर्व्हिसेसमधून 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज → सिस्टीम३२ → स्पूल → प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढा (फोल्डर नाही) आणि स्पूलर पुन्हा चालू करा.
विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असेल तर 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' बंद आहे ना, तेही बघा. तो चालू असताना कंपनीचे ड्रायव्हर चालत नाहीत.

प्रश्नकर्ता:
पोर्ट एलपीटी१ च होतं. बदलल्यावर टेस्ट पेज आलं.