मलाजखंडच्या कमी ग्रेडच्या तांब्याच्या दगडावर जीवाणू लावावेत का?

ताम्रवेध
नागपुरातल्या खाण-धातू क्षेत्रातल्या मंडळींनी यावर बोलावं म्हणून हा धागा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मलाजखंड खाणीतून 1982 पासून उघड्या पद्धतीने दगड निघाला. फ्लोटेशनला (भुकटी पाण्यात घोळवून फेसाबरोबर खनिज वेगळं करण्याला) न परवडणारा, म्हणजे तांबं फार कमी असलेला माल ढिगांत पडून आहे. माझं मत: त्यावर बायोलीचिंगचा, म्हणजे जीवाणू आणि ॲसिडने तांबं विरघळवून काढण्याचा, ढीग उभारावा.

दगड ग्रॅनाइटी आहे, कार्बोनेट फार कमी. हा मोठा फायदा, कारण दगडात 1 टक्का कॅल्साइट (कार्बोनेटचंच खनिज) असला की टनामागे जवळपास 10 किलो सल्फ्युरिक ॲसिड नुसतं तेच पितं. शिवाय पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) आहे, म्हणजे जीवाणूंचं खाद्य जागेवरच.

पद्धत अशी. दगड 12 ते 19 मिमीपर्यंत फोडायचा. ड्रममध्ये ॲसिड घालून फिरवायचा, म्हणजे बारीक भुकटी मोठ्या खड्यांना चिकटते. हे टाळलं तर भुकटी खाली उतरते आणि ढिगात पाण्याच्या वाटा बंद होतात. खाली 1.5 ते 2 मिमीचा एचडीपीई प्लास्टिकचा थर, त्यावर गिट्टी आणि भोकांचे पाइप, मग 6 ते 8 मीटर उंच ढीग. वरून ड्रिपरने ताशी चौरस मीटरला 5 ते 10 लिटर द्रावण, खालून ब्लोअरची हवा. पीएच 1.5 ते 1.8. खाली जमलेल्या द्रावणातून सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (तेलकट द्रावकात तांबं ओढून घेणं), मग इलेक्ट्रोविनिंग (विजेने शुद्ध तांबं पत्र्यावर जमवणं). जीवाणू विकत आणायला नकोत, खाणीच्या आंबट पाण्यातच ते असतात. चिलीत क्वेब्राडा ब्लांकाचा ढीग 4,400 मीटर उंचीवर, विरळ हवेत चालला. मग इथे काय अडचण?

कॉलम_टेस्ट
अडचण खनिजाची आहे, भाऊ. क्वेब्राडा ब्लांकाचा माल चॅल्कोसाइट (तांबं-गंधकाचं खनिज). मलाजखंडचा मुख्य माल चॅल्कोपायराइट (त्यात लोहही असतं). चॅल्कोसाइटमधलं 80 टक्के तांबं ढिगातून काढता येतं. चॅल्कोपायराइटवर 30-35 अंशांना काम सुरू होतं आणि थोड्याच काळात कणांवर गंधक आणि जॅरोसाइटची (लोहाच्या सल्फेट क्षाराची) साय धरते. पुढे ॲसिड कितीही ओता.

हिशेब बघा. 0.3 टक्के ग्रेड धरली तर 10 लाख टनांत 3,000 टन तांबं. वसुली 20 टक्के आली तर 600 टन हाती. थर, पंप, ब्लोअर, सेल हाऊस (इलेक्ट्रोविनिंगचा विभाग) यांचा खर्च मात्र पूर्ण 10 लाख टनांचा.

म्हणून आधी ढिगाच्या प्रत्येक भागाची क्रमवार चाचणी करा. 5 टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळतं ते ऑक्साइडमधलं तांबं. त्यानंतर सायनाइडमध्ये विरघळतं ते चॅल्कोसाइट, कोव्हेलाइट, बोर्नाइट या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांचं. उरलं ते चॅल्कोपायराइट. खाणीच्या वरच्या थरातल्या दगडात पहिले दोन भाग जास्त निघतील. तेवढाच वेगळा काढा. सरसकट ढिगाला माझा विरोध आहे.

आणखी एक. फ्लास्कमध्ये जीवाणू वाढवायला 9के माध्यम (पोषक द्रावण) ठीक आहे: लिटरमागे 3 ग्रॅम अमोनियम सल्फेट, 44 ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम. तेच ढिगावर वापरलं तर अमोनियम आणि पोटॅशियममुळे जॅरोसाइटचा गाळ साचून छिद्रं बुजतील. तिथे पोषक क्षार त्याच्या दशांशाने पुरे.

ताम्रवेध
साय 35 अंशांना धरते, मान्य. 45-50 अंशांना काम करणारे सल्फोबॅसिलस आणि कॅल्डस हे जीवाणू वापरा ना. आपला उन्हाळा मदतीलाच येईल.

कॉलम_टेस्ट
उन्हाळा ढिगाच्या वरच्या हातभर थराला तापवेल, आणि तेवढाच थर वाळवेलही. आतली उष्णता पायराइट जळण्यातून यायला हवी. त्याला सल्फाइड भरपूर हवं, हवाही हवी. नुसतं एक किलो तांबं चॅल्कोपायराइटमधून सुटायला दोन किलो ऑक्सिजन लागतो, पायराइटचा वेगळा. ब्लोअरमध्ये काटकसर केली की ढिगाचं पोट थंड आणि गुदमरलेलं राहतं.

नदीकाठ
तुम्ही दोघं तांब्याचं बोलताय, पाण्याचं कुणीच नाही. 10 लाख टनांचा 8 मीटर ढीग म्हणजे साधारण साडेसात हेक्टर जागा. नागपूरचा सुमारे 1,100 मिमी पाऊस धरला तरी वर्षाला 80 हजार घनमीटर पाणी नुसतं ढिगावर पडतं. बालाघाटकडे पाऊस याहून जास्त, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. ते पाणी द्रावण पातळ करतं, पीएच वर नेतं, लोह खाली बसतं आणि तलाव भरून वाहतो.

फिनलंडच्या तालविवारात निकेलचे ढीग 2008 ला सुरू झाले. जास्तीचं पाणी साठत गेलं, नोव्हेंबर 2012 मध्ये जिप्समचा तलाव फुटून धातूमिश्रित पाणी ओढ्या-तळ्यांत गेलं, 2014 मध्ये दिवाळं निघालं. माझा ठाम विरोध.

ताम्रवेध
तालविवाराचे ढीग पुढे टेराफेम या कंपनीच्या हाती चालूच राहिले, हेही सांगा. पावसाळ्यात ढिगावर प्लास्टिकची झाकणं घालता येतात, भोवती चर काढून बाहेरचं पाणी वळवता येतं. आणि आजही तो दगड उघड्यावरच आहे. पायराइट, पाणी, हवा तिथेही आहेत. खाली थर नसलेल्या ढिगातून आंबट पाणी झिरपण्यापेक्षा थर घालून ते गोळा केलेलं बरं.

मनसरचा
मधेच विचारतो. मनसर, कांद्रीच्या मँगनीजला हे चालेल का?

कॉलम_टेस्ट
या जीवाणूंनी नाही. ते लोह आणि गंधकाचं ऑक्सिडीकरण करून जगतात. मँगनीज डायऑक्साइड आधीच पूर्ण ऑक्सिडाइज्ड आहे, त्याचं क्षपण (ऑक्सिजन काढून घेणं) करावं लागतं. फेरस सल्फेटने केलं तर एक टन डायऑक्साइडला सुमारे 1.3 टन फेरस लोह आणि सव्वादोन टन ॲसिड. मळीने केलं तर गरम ॲसिडमध्ये जीवाणूंशिवायच होतं.

नदीकाठ
ताम्रवेध, थर नसलेल्या ढिगाचा मुद्दा खरा आहे. पण थर 20-25 वर्षं टिकला तरी जीवाणू त्यानंतरही पायराइट खात राहतात. ढीग बंद झाल्यावर आंबट पाण्यावरचं चुनखडीचं प्रक्रिया संयंत्र कोण चालवणार, आणि त्याचे पैसे आधी बाजूला कोण ठेवणार? प्रकल्प अहवालात हा आकडा पहिल्या पानावर असेल तरच पुढे बोलू.

कॉलम_टेस्ट
त्यात माझी अट जोडा. वेगळ्या काढलेल्या मालावर 6 मीटरच्या कॉलममध्ये (दगड भरलेल्या उभ्या नळीत) वर्षभर चाचणी, ढिगाला जी हवा आणि जे पाणी मिळणार तेच देऊन. एक मीटरच्या कॉलमचे आकडे ढिगाला लावू नका. हवा खालपासून वरपर्यंत संपत कशी जाते ते त्यात दिसतच नाही. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनहून परतलेलं द्रावणच फिरवा, कारण त्यातल्या रॉकेलसारख्या द्रावकाचे थेंब जीवाणूंना मारतात आणि ताज्या पाण्यावरच्या चाचणीत हा दोष लपतो.

ताम्रवेध
वर्षभर कॉलम कबूल. पण सायनाइडमध्ये विरघळणारा भाग निम्म्याहून कमी निघाला म्हणून ढीग रद्द, असं मी मानणार नाही. दगड आधीच खणून, वाहून ठेवलेला आहे. तो खर्च होऊन गेलाय, त्यामुळे 40 टक्के वसुलीही हिशेबात बसू शकते.