पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर निदानाला उशीर, दावा करता येईल का?

प्रश्न (सिडको, नाशिक): आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. दुसऱ्याच दिवशी पोट फुगलं, ताप आला, ड्रेनच्या (पोटात ठेवलेल्या नळीच्या) पिशवीत हिरवट पाणी. पिशवी सिस्टरना दाखवली. "गॅस आहे, चालवा त्यांना," एवढंच. सहाव्या दिवशी दुसरीकडे नेलं, तर सोनोग्राफीत पोटात पित्त साठलेलं. आई वाचली, पण दीड महिना अंथरुणावर होती. माझा जीव अजून जळतो.

उत्तर १: ताई, आधी इनडोअर पेपर्स (भरती असतानाच्या उपचारांचे कागद) लेखी मागा, अर्जावर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत द्यावे लागतात. नर्सिंग चार्टवरच्या तापाच्या नोंदी नीट बघा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा.

उत्तर २: पित्त गळणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, नुसत्या त्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. लक्षणं दिसूनही तपासणी का केली नाही, यावर बोट ठेवा. दुसऱ्या सर्जनचं लेखी मत मिळवा, त्याशिवाय केस उभी राहणं अवघड.

प्रश्नकर्ती: उद्याच अर्ज देते. त्या पिशवीचा फोटो मोबाईलमध्ये आहे, तारीख-वेळेसकट.

उत्तर १: तो डिलीट करू नका!