सायकलने ऑफिसला जाणं पुन्हा सुरू करायचंय, पण जमत नाहीये

कर्वेनगरकर:
मंडळी, पावसाळ्याआधी मी कर्वेनगरहून मॉडेल कॉलनीला सायकलनेच जात होतो. जुलैत खड्डे पाण्याखाली गेले आणि घरच्यांनी बजावलं, आता स्कूटर ने. तीच सवय लागली. सध्या डिसेंबरची सुरेख थंडी आहे, सायकल जिन्याखाली उभी आहे, तरी सकाळी हात स्कूटरच्या किल्लीकडेच जातो. सायकलवरून पोचलो की दिवसभर डोकं ताजं असायचं, ते मला परत हवंय. पण कर्वे रस्त्याची धास्ती बसली आहे. बस डावीकडे दाबत आली की सरकायला जागाच उरत नाही. एवढ्या खंडानंतर कुणी पुन्हा सुरुवात केली आहे का? कशी केलीत?

चाकावरची:
दादा, आधी सायकल दुकानात न्या. इतके महिने उभी म्हणजे हवा उतरलेली आणि चेन कोरडी असणार. तशीच दामटलीत तर जड जाईल आणि वाटेल की आपलाच दम गेला. टायरच्या कडेवर हवेचा आकडा छापलेला असतो, त्यानुसार भरून घ्या. सीटही तपासा: सीटवर बसून खालच्या पॅडलवर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. माझी सीट बुटकी होती, ती वर केल्यावर गुडघा दुखायचा थांबला. आणि सॅक पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. घामाचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

एरंडवणेकर:
कर्वे रस्त्याने जायचंच कशाला? राजाराम पुलाकडून डीपी रस्त्याने म्हात्रे पुलापर्यंत या, मग एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्यांनी निघा. कर्वे रस्ता फक्त ओलांडायचा आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत शिरायचं. झाडी आहे, बस नाही. थोडं लांब पडतं, पण जीव मुठीत धरावा लागत नाही. सुरुवातीला रोजचा हट्टही धरू नका. मी मंगळवार आणि शुक्रवार ठरवले होते. बाकीच्या दिवशी स्कूटर काढली तरी मनाला लावून घेत नव्हतो.

कर्वेनगरकर:
ताई, आजच हवा भरून आणली. मागचं चाक अगदीच बसलं होतं. दादा, रविवारी सकाळी गर्दी नसताना हा रस्ता चालवून बघतो. कर्वे रस्ता ओलांडायला कुठला सिग्नल बरा, तेवढं सांगाल का?